खाडाखोड जपणारी वही : डिजिटल पोर्टफोलिओ

विज्ञान शाखेतून पदवी घेतलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत एक जर्नल असते. एका बाजूला रेघांचे पान, दुसऱ्या बाजूला आकृतीसाठी कोरे पान, वर तपकिरी कागदाचे वेष्टण आणि अगदी सुरुवातीला छापील प्रमाणपत्र : अमुक विद्यार्थ्याने अमुक प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. खाली विभागप्रमुखांची सही. या सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. म्हणून सत्र संपत आले की वसतिगृहात रात्र रात्र दिवे जळतात आणि मागच्या वर्षीच्या कुणा हुशार विद्यार्थ्याचे जर्नल हातोहात फिरू लागते. अभियांत्रिकीकडे याच प्रकाराला ‘सबमिशन’ म्हणतात. तेथे रेखाटनाच्या शीटसाठी ‘जीटी’ नावाची एक खास कलाही विकसित झाली आहे : काचेखाली दिवा ठेवायचा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि पेन्सिल फिरवायची!

हे सांगताना आम्हाला हसू येते खरे, पण ते थोडे ओशाळवाणे हसू आहे. कारण आम्हीही हेच केले आहे, आणि पुढे शिक्षक झाल्यावर अशाच जर्नलांवर भराभर सह्याही केल्या आहेत. विद्यार्थ्याने वर्षभर काय केले याची नोंद राहावी आणि त्या नोंदीवरून त्याला व शिक्षकाला काही कळावे, हा जर्नलचा मूळ हेतू. नोंद राहिली, पण तिच्यातून काही कळेनासे झाले. असे का व्हावे?

एक साधे उदाहरण घेऊ. प्रथम वर्षातील साध्या लंबकाचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. लंबकाची लांबी एक मीटर ठेवली, वीस दोलनांना लागणारा वेळ मोजला, त्यावरून एका दोलनाचा काल काढला की गुरुत्वीय त्वरण मिळते. आपल्याकडे ते ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवे. समजा, एका विद्यार्थिनीला वीस दोलनांसाठी ३८.२ सेकंद मिळाले. म्हणजे दोलनकाल १.९१ सेकंद आणि त्वरण १०.८. ही चूक दहा टक्क्यांहून अधिक आहे. आता ती काय करील? बहुतेक वेळा ती शेजारच्या टेबलावर डोकावेल, तिथे ४०.१ दिसेल, मग खोडरबर निघेल. जर्नलमध्ये उत्तर ९.८ येईल, त्याखाली ‘प्रायोगिक चुकांच्या मर्यादेत उत्तर बरोबर’ असे वाक्य येईल आणि सहीही होईल.

खरे तर ३८.२ हा आकडा फार बोलका होता. वीस दोलनांना ४०.१ सेकंद लागत असतील, तर ३८.२ सेकंदांत जवळपास नेमकी एकोणीस दोलने बसतात. म्हणजे या मुलीने घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटले आणि ‘वीस’ म्हणताना ते थांबवले. ‘शून्य’ म्हणायला हवे होते. गंमत अशी की ही चूक प्रत्येक लांबीला त्याच प्रमाणात होते. त्यामुळे दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला तर सरळ रेषाच मिळते, ती आरंभबिंदूतूनही जाते, फक्त तिचा चढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरतो. याउलट लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहून गेली असती, तर चढ बरोबर आला असता पण रेषा आरंभबिंदूला चुकवून गेली असती. आलेख नीट पाहिला की कोणती चूक झाली हे तोच सांगतो! चुका शोधण्याचे इतके सुंदर शिक्षण त्या एका आकड्यात दडलेले होते. ते खोडरबराबरोबर पुसले गेले. जर्नलमध्ये फक्त बरोबर उत्तराला जागा असते. मग चूक जपून ठेवील कोण?

हेच काम करण्यासाठी जगभरच्या महाविद्यालयांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे साधन रुजत आले, त्याला डिजिटल पोर्टफोलिओ किंवा ई-पोर्टफोलिओ म्हणतात. मराठीत कार्यसंचिका म्हणता येईल, पण पोर्टफोलिओ हा शब्द चित्रकलेच्या विद्यार्थ्यांमुळे आपल्याकडे रुळलेला आहे, तोच येथे वापरू. मुंबईच्या लोकलमध्ये काळी, मोठी, चपटी पिशवी सांभाळत उभा असलेला कलामहाविद्यालयाचा विद्यार्थी आपण पाहिला असेल. ती पिशवी म्हणजे त्याचा पोर्टफोलिओ. चित्रकाराला ‘तुला किती टक्के मिळाले’ असे कोणी विचारीत नाही, ‘काम दाखव’ म्हणतात. वास्तुशिल्पी आणि छायाचित्रकार यांचेही तसेच. मग रसायनशास्त्राच्या, मराठीच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘काम दाखव’ का म्हणू नये, हा यामागचा साधा विचार.

हा विचार फार आधी आणि फार मन लावून ज्यांनी अमलात आणला, त्यांत अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या अल्व्हर्नो कॉलेजचे नाव घ्यावे लागते. हे मुलींचे छोटे महाविद्यालय. १९७३ साली त्यांनी आपला अभ्यासक्रमच नव्याने बांधला. विद्यार्थिनीने कोणते विषय ‘पुरे केले’ याऐवजी तिला काय करता येते, हे पाहायचे ठरवले. संवाद, विश्लेषण, समस्या सोडवणे, मूल्यांच्या आधारे निर्णय घेणे अशा आठ क्षमता त्यांनी निश्चित केल्या आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने त्या आपल्या विषयातून वाढवायच्या असे ठरले. नेहमीच्या श्रेणी त्यांनी बंद केल्या आणि त्याऐवजी लेखी अभिप्राय द्यायला सुरुवात केली.

त्यांची एक पद्धत आम्हाला विशेष आवडते. नव्याने आलेल्या मुलीला थोडा वेळ बोलायला सांगत आणि त्याचे चित्रीकरण करून ठेवीत. मग तिनेच ते पाहायचे, ठरलेल्या निकषांवर स्वतःचे मूल्यमापन करायचे, त्यानंतर शिक्षकाचा अभिप्राय. पुढच्या वर्षांत पुन्हा बोलणे, पुन्हा चित्रीकरण. आपण पहिल्यांदा कसे अडखळत होतो, कागदावरून नजर कशी उचलत नव्हतो, हे त्या मुलीला कोणी सांगावे लागत नसे. ते तिच्या डोळ्यांसमोर असे. हा काळ चित्रफितींचा होता. कपाटे भरत गेली. १९९९ साली या महाविद्यालयाने हे सर्व काम संगणकावर आणले आणि त्याला ‘निदानात्मक डिजिटल पोर्टफोलिओ’ असे नाव दिले. निदानात्मक हे विशेषण मुद्दाम लावलेले आहे. डॉक्टर जसा जुने अहवाल शेजारी ठेवून आजचा अहवाल वाचतो, तसे विद्यार्थिनीने स्वतःचे काम वाचावे, ही कल्पना.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सगळ्या फाइली एका ठिकाणी साठवल्या म्हणजे पोर्टफोलिओ झाला, असे नव्हे. तसे असते तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये आधीच पोर्टफोलिओ आहे! आपल्याकडे २०१५ पासून डिजिलॉकर आहे, २०२१ पासून श्रेयांकांची बँक आहे. दोन्ही उपयोगी आहेत, पण डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका राहते, श्रेयांकांच्या बँकेत श्रेयांक राहतात. ज्या कामामुळे ते मिळाले, ते काम कोठेच राहत नाही. पोर्टफोलिओत काम राहते, त्यातून विद्यार्थ्याने केलेली निवड राहते, आणि ही निवड का केली, या कामात काय जमले, काय फसले याबद्दल त्याने स्वतः लिहिलेले चार शब्द राहतात. हे चार शब्द नसतील तर बाकी सारे नुसते अडगळीचे सामान होय.

हे चार शब्द इतके महत्त्वाचे का? ऑस्ट्रेलियातील मूल्यमापनाचे अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली याचे उत्तर फार नेमके मांडले. कोणालाही आपले काम सुधारायचे असेल तर त्याला तीन गोष्टी साधाव्या लागतात. चांगले काम कसे असते हे त्याला माहीत हवे, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता यायला हवे, आणि मधले अंतर कमी करण्यासाठी काहीतरी करता यायला हवे. आपल्या नेहमीच्या परीक्षेत या तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या डोक्यात असतात. विद्यार्थ्याच्या हाती फक्त ‘२० पैकी ११’ पडतात. त्या अकरांवरून उरलेले नऊ कोठे गेले ते कळत नाही, आणि कळले तरी तो प्रयोग पुन्हा करण्याची संधी नसते. शाळेत आपण ज्याला आकारिक मूल्यमापन म्हणतो त्याचे मर्म हेच आहे. महाविद्यालयात पाऊल टाकले की ते अचानक नाहीसे होते आणि केवळ संकलित मूल्यमापन उरते, हे एक कोडेच आहे.

गुणांचा आणखी एक दुष्परिणाम प्रयोगाने दाखवला गेला आहे. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्राएलमधील पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला केवळ गुण दिले, दुसऱ्याला केवळ लेखी अभिप्राय, तिसऱ्याला दोन्ही. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले आणि रसही टिकला. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले होते, म्हणजे त्याचा फायदा सर्वांत जास्त व्हावा असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. तो गट केवळ गुण मिळालेल्या गटासारखाच मागे राहिला. गुण दिसले की अभिप्राय वाचण्यातले लक्षच उडते. पेपर हातात पडल्यावर मुले आधी काय पाहतात ते आठवावे, म्हणजे हे पटेल. ही मुले शाळेतली होती, महाविद्यालयातली नव्हेत. पण वय वाढल्याने हा स्वभाव बदलतो असे निदान आमचा अनुभव सांगत नाही.

आता आपल्या लंबकाच्या मुलीकडे परत येऊ. तिच्याकडे पोर्टफोलिओ आहे असे समजा. कच्च्या नोंदींच्या पानाचे छायाचित्र त्यात जाते, खाडाखोडीसह. आलेख जातो. शिवाय मैत्रिणीने मोबाइलवर घेतलेले मिनिटभराचे चित्रीकरण जाते. त्यात लंबक हलतो आहे आणि तिचा मोजण्याचा आवाज ऐकू येतो आहे. ती लिहिते, ‘उत्तर १०.८ आले, कारण समजत नाही.’ शिक्षक एकच ओळ लिहितात : ‘चित्रीकरण पुन्हा ऐक. घड्याळ सुरू करताना तू काय म्हणालीस?’ उत्तर सांगितले नाही, गुणही दिले नाहीत. दोन दिवसांनी तिची नवी नोंद येते. जुनी नोंद तशीच राहते. तिसऱ्या वर्षी केटरचा लंबक करताना ही मुलगी ‘शून्य’पासून मोजायला विसरेल असे आम्हाला वाटत नाही. तिचा आवाज कागदी जर्नलला कधीच जपता आला नसता. डिजिटल या शब्दाचे येथील मोल एवढेच, आणि ते थोडे नाही.

मात्र हे सर्व इतके सरळ असते तर सगळीकडे आनंदीआनंद दिसला असता. पोर्टफोलिओच्या पोटात एक मोठा अंतर्विरोध आहे. अमेरिकेतील हेलन बॅरेट या विषयात अनेक वर्षे काम करीत आल्या आहेत. त्या पोर्टफोलिओचे दोन चेहरे सांगतात. एक कार्यशाळेचा, जिथे पसारा असतो, चुका असतात, अर्धवट कामे असतात. दुसरा दर्शनी काचेच्या कपाटाचा, जिथे निवडक आणि चकचकीत वस्तू मांडलेल्या असतात. शिकण्यासाठी पहिला चेहरा हवा. नोकरीसाठी, प्रवेशासाठी आणि गुणांसाठी दुसरा. एकाच फाइलीने दोन्ही कामे करावीत म्हटले की दुसरा पहिल्याला खाऊन टाकतो. ज्या पानावर गुण मिळणार, त्या पानावर आपली चूक कोण लिहील?

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे ब्रिटनमधील डॉक्टरांनी अनुभवले. तिकडे २००५ पासून नव्या डॉक्टरांसाठी दोन वर्षांचा पायाभूत कार्यक्रम आहे आणि त्यात ई-पोर्टफोलिओ भरावा लागतो. आपल्या हातून काय चुकले, त्यातून काय शिकलो, याचे चिंतन त्यात लिहिणे अपेक्षित असते. २०११ साली लेस्टरमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा उपचारांतील गंभीर त्रुटींमुळे दगावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरला २०१५ साली सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये तिचे नाव नोंदवहीतून काढले गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपिलात ते परत घेतले गेले. या दरम्यान डॉक्टरांमध्ये अशी भीती पसरली की तिने प्रांजळपणे लिहिलेले चिंतनच तिच्याविरुद्ध वापरले गेले. तिचा ई-पोर्टफोलिओ फौजदारी खटल्यात ज्यूरीपुढे पुरावा म्हणून आला नव्हता, असा खुलासा पुढे झाला. पण भीतीला खुलासे पुरत नाहीत. अनेक तरुण डॉक्टर म्हणू लागले की यापुढे आम्ही गुळमुळीतच लिहू. जून २०१८ मध्ये सरकारने नेमलेल्या पुनर्विलोकन समितीने शिफारस केली की चौकशीत नियामक संस्थेने डॉक्टरांकडून असे चिंतनलेखन मागू नये.

आपल्याकडेही २०१९ च्या तुकडीपासून वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला आहे. विद्यार्थ्यांना लॉगबुक ठेवावे लागते, अनुभवांवर चिंतन लिहावे लागते. बी.एड.च्या छात्राध्यापकांनाही आंतरवासितेच्या नोंदी ठेवाव्या लागतात. तेव्हा लेस्टरची गोष्ट आपल्यापासून फार दूर नाही. चुकलेल्या पाठाबद्दल छात्राध्यापकाने खरे लिहावे असे वाटत असेल, तर ते कोण वाचणार, किती दिवस राहणार आणि कशासाठी वापरले जाणार, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. आमच्या मते कामाचा पोर्टफोलिओ आणि दाखवायचा पोर्टफोलिओ वेगळेच असावेत. पहिल्यात विद्यार्थी आणि त्याचा शिक्षक, एवढ्यांनाच प्रवेश. त्यातले काय दुसऱ्यात न्यायचे हे विद्यार्थ्याने ठरवावे.

तरीही केव्हातरी गुण द्यावेच लागतात. येथे दुसरी अडचण उभी राहते, ती विश्वसनीयतेची. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९९१-९२ साली चौथी आणि आठवीच्या मुलांचे गणित व लेखन राज्यभर पोर्टफोलिओवरून तपासायला सुरुवात केली. रँड या संशोधन संस्थेच्या डॅनियल कॉरेट्झ व सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तोच पोर्टफोलिओ दोन तपासनिसांना स्वतंत्रपणे दिला, तेव्हा त्यांच्या गुणांमधील सहसंबंध पहिल्या वर्षी फारच कमी निघाला. शाळाशाळांची तुलना करण्याइतके ते गुण भरवशाचे नव्हते. तपासनिसांना अधिक प्रशिक्षण दिल्यावर गणितात स्थिती सुधारली, लेखनात फारशी नाही. एक मुलगा कविता ठेवतो, दुसरा पत्र, तिसरा प्रयोगाचा वृत्तान्त. यांना एका मापाने मोजायचे कसे? पण याच अभ्यासात असेही दिसले की शिक्षक वर्गात समस्या सोडवण्याला पूर्वीपेक्षा अधिक वेळ देऊ लागले होते. माप म्हणून लंगडे ठरलेले साधन शिकवण्याचे साधन म्हणून मात्र उपयोगी पडत होते. बोर्डाच्या टक्केवारीसारखे पोर्टफोलिओचे गुण दशांश चिन्हापर्यंत वापरू पाहणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवावा.

यावर महाविद्यालयीन पातळीवर शोधलेला एक उपाय म्हणजे निकषतक्ता. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या एका संघटनेने देशभरच्या प्राध्यापकांना एकत्र आणून २००९ साली असे १५ तक्ते प्रसिद्ध केले. लेखन, चिकित्सक विचार, संख्यात्मक आकलन अशा एकेका क्षमतेसाठी एक तक्ता, आणि प्रत्येकात चार पातळ्यांचे शब्दांत वर्णन. पहिली पातळी पदवीच्या सुरुवातीची, चौथी पदवी पुरी होतानाची. गुण न सांगता वर्णन सांगायचे, म्हणजे दोन तपासनीस निदान एकाच गोष्टीबद्दल बोलतात. आमच्या लंबकासाठी असा तक्ता केला तर चौथ्या पातळीवर ‘उत्तर ९.८ आले’ असे लिहिणार नाही. ‘अपेक्षित आणि मिळालेल्या उत्तरातील फरकाचे कारण आलेखावरून शोधले आणि पुन्हा मोजून पडताळले’ असे लिहू.

आपल्या वाचकांच्या मनात एव्हाना तिसरी अडचण आलीच असेल : वेळ कोठून आणायचा? हिशोब करू. वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि एका पोर्टफोलिओला पंधरा मिनिटे लागतात. एका फेरीचे पंधरा तास झाले. सत्रात तीन फेऱ्या म्हटले तर पंचेचाळीस तास, आणि अशा तुकड्या एकाच शिक्षकाकडे तीन-चार असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ली शुलमन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षकांच्या मूल्यमापनासाठी पोर्टफोलिओ वापरण्याचे मोठे काम केले. त्यांनीच १९९८ साली त्याच्या धोक्यांची यादी केली. त्यात हे ओझे आहेच. शिवाय आत काही नसताना नुसती वरची सजावट होणे, क्षुल्लक गोष्टींच्या नोंदी साठत जाणे, आणि मूळ हेतू बिघडून त्याचीही ठरावीक साच्याची परीक्षा होऊन बसणे, हेही आहे. स्वतः उभारलेल्या वस्तूबद्दल इतके स्पष्ट बोलणारा अभ्यासक विरळाच.

ओझ्यावर आम्हाला सुचणारा उपाय साधा आहे. नोंदी कमी ठेवाव्यात. दहा प्रयोगांपैकी तीनच पोर्टफोलिओत यावेत आणि त्यांतला एक तरी फसलेला असावा, अशी अटच घालावी. पहिले वाचन शेजारच्या विद्यार्थ्याने तक्ता हातात घेऊन करावे. त्याने दुसऱ्याचे काम पारखले की सॅडलरची पहिली अट, म्हणजे चांगले काम कसे असते हे कळणे, आपोआप साधते. शिक्षकाने दोन ओळी लिहाव्यात, तिसरी लिहू नये. गुण अखेरीस एकदाच.

साधने महाग नाहीत. कित्येक महाविद्यालयांत मूडल असते. त्याच्याशी जोडता येणारी ‘माहरा’ नावाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधील विद्यापीठांच्या सहकार्याने २००६ साली सुरू झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘विचार करणे’ असा आहे. तेही नको असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचा एक फोल्डर आणि फाइलींना तारखेने नावे देण्याची शिस्त एवढ्यावर काम भागते. ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही त्याची सोय प्रयोगशाळेच्या संगणकावर करावी लागेल. ती न करता हा उपक्रम सुरू करणे म्हणजे त्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे होय.

साठवणुकीबद्दल मात्र सावध राहावे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशीने सीडीवर करून घेतलेले पोर्टफोलिओ आज उघडायला यंत्र शोधावे लागते. फ्लॅश या तंत्रात केलेली देखणी पाने ३१ डिसेंबर २०२० नंतर निरुपयोगी झाली, कारण ते तंत्रच बंद झाले. साधा मजकूर, साधे छायाचित्र आणि पीडीएफ दीर्घकाळ टिकण्याची शक्यता अधिक. आणि पदवी मिळताच महाविद्यालयाने खाते बंद केले तर विद्यार्थ्याची तीन वर्षे त्याबरोबर जातात. त्याआधी सर्व काम त्याच्या हाती देण्याची व्यवस्था हवी. कागदी जर्नल निदान माळ्यावर तरी राहत असे.

नोव्हेंबर २०२२ नंतर एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. ‘या प्रयोगातून मी काय शिकलो’ यावर दीडशे शब्दांचे नेटके चिंतन आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. काचेखालच्या दिव्याची जागा या यंत्राने घेतली, एवढाच फरक! सर्वसाधारण चिंतन मागितले तर सर्वसाधारणच मिळेल, मग ते कोणीही लिहिलेले असो. पण ३८.२ कोठून आले याचे उत्तर त्या दिवशीच्या चित्रीकरणाशी, त्या पानावरच्या खाडाखोडीशी बांधलेले असते. कच्ची नोंद, तिची तारीख, तिच्या नंतरची दुरुस्ती अशी साखळी मागावी, आणि त्यावर समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत. खोटी साखळीही रचता येईल. पण तिची प्रत्येक कडी समजावून सांगता येईल इतकी तयारी कोणी केलीच, तर त्याला प्रयोग बऱ्यापैकी कळला असे म्हणायला हरकत नाही.

तोंडी परीक्षा आपल्याकडे आधीपासूनच आहे. बाहेरून परीक्षक येतात, जर्नल चाळतात, व्याख्या विचारतात. त्यांच्यापुढे जर्नलऐवजी पोर्टफोलिओतली तीन पाने ठेवायची आणि त्यांतले फसलेल्या प्रयोगाचे पान आधी उघडायचे, एवढे एका विभागाला विद्यापीठाची परवानगी न मागताही करता येईल. अडचण मुलांकडून येईल. ‘सर, हे पान आधी दाखवले तर एक्स्टर्नल मार्क कापतील ना?’ हा प्रश्न पहिल्याच वर्षी येणार. तेव्हा परीक्षक येण्याच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या हाती निकषतक्ता देऊन ठेवावा.